गाडी कोण चालवणार?

१२ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. त्या बेटावरच्या हवामान ठाण्यात तू, तुझे साहेब आणि एक स्वयंपाकी, आणि त्यातल्या त्यात बोलका कोण तर वारा, हे वाचून आधी हसले आणि मग वाईट वाटलं. दहा-बारा दिवसांनी येणाऱ्या बोटीच्या जिवावर बहिणीने बहिणीशी बोलायचं म्हणजे कमालच आहे. असो. तुझे ढग तुला लखलाभ.

आता खरी बातमी. आपल्या भिंगरीला मित्र मिळालाय. तसा मित्र. लेकीला सतरा पूर्ण झाली, कधीतरी होणारच होतं, पण कोण उंडगा दारात येऊन उभा राहतो म्हणून मी धास्तावले होते. निघाला माझाच विद्यार्थी! एकोणीस वर्षांचा आहे. डिसेंबरात माझ्याकडे ड्रायव्हिंग शिकायला आला. पहिल्याच दिवशी न सांगता पट्टा लावला, आरसे जुळवले, मग किल्लीला हात घातला. इतकी वर्षं शिकवतेय, माणूस स्टिअरिंगवर बसला की मला कळतो. चिडके कळतात, शायनिंग मारणारे तर पहिल्या वळणावर कळतात. माझ्या पायाखाली शिक्षकाचा वेगळा ब्रेक असतो ना, त्याला या मुलाच्या वेळी पाय लावावा लागला नाही. अगदी नाकासमोर चालणारा.

आणि मुख्य म्हणजे तो पीत नाही. थेंबसुद्धा नाही. यांच्या पार्ट्यांना सगळ्यांना घरोघर सोडायचं काम याच्याकडे. भिंगरीचे बाबा अपघातात गेले, त्या दिवशी त्यांना असा कोणी सोडायला असता तर? त्यांचा तो मित्र ‘दोनच घेतल्यात, वहिनी’ म्हणत हसत गाडी चालवायला बसला होता, ते हसू मला अजून दिसतं. म्हणून पोरगी कुठेही निघाली की मी एकच विचारते, गाडी कोण चालवणार? ‘तो’ असं उत्तर आलं की मी निवांत.

बाकी किरकिर म्हणजे, भिंगरी हल्ली सुस्त झालीये. टेबल टेनिस सोडलं, मनगट दुखतं म्हणते. परवाच्या शनिवारी पार्टीत काहीतरी बाधलं, तर बिचाऱ्याने उचलून आणून सोफ्यावर निजवली. ‘काकू, तिला रागावू नका हं,’ म्हणाला. मॅडमची काकू कधी झाले, मला कळलंही नाही. मी त्याला चहा करून दिला.

तुझी,
ताई

२४ मार्च

प्रिय ताई,

जावई निवडायला तू लायसन्सची परीक्षा ठेवलीस हे तुलाच सुचू शकतं! बरं झालं मला गाडी येत नाही, नाहीतर माझं लग्न मोडल्यावर तू क्लचचाच दोष काढला असतास.

थट्टा पुरे. मला थोडं खटकलंय. भिंगरी मला चार-चार पानं लिहायची, कडेला चित्रं काढायची. मागच्या पत्रात सहा ओळी होत्या. ताप असतानाही टेबल टेनिस खेळायला गेलेली पोर ती, आणि मनगट दुखतं म्हणून सोडते? आणि त्या पार्टीत बाकी कोणाला बाधलं का गं? तेवढं विचारून बघ.

तो मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला पाहिलेलंही नाही. पण गाडी कोण चालवणार यापलीकडे तिला काहीतरी विचार. शांतपणे विचार. तू विचारायला लागलीस की समोरच्याला आपण सिग्नल तोडलाय असं वाटतं.

तुझी,
धाकटी

५ एप्रिल

मावशी,

हे आईला सांगायचं नाही. आधी शपथ घे, मग पुढे वाच. घेतलीस?

आईने त्याच्याबद्दल सांगितलंच असेल. तो छान आहे गं. माझी फार काळजी घेतो. कुठे आहे, कोणाबरोबर आहे, सगळं विचारतो. मैत्रिणी मला बिघडवतात म्हणतो, म्हणून त्यांच्याकडे जात नाही. टेबल टेनिसला मुलंही असतात, ते त्याला आवडायचं नाही.

मावशी, मी पिते. पहिल्यांदा मीच मागून घेतली होती, उगाच त्याच्यावर ढकलत नाही. पार्टीत मी फार लाजते, दोन घोट घेतले की बरं वाटायचं. आता तोच ग्लास भरून आणतो. कधी बरोबर गोळी देतो, डोकं दुखणार नाही म्हणून. स्वतः कधीच घेत नाही. म्हणतो, मला गाडी चालवायचीये, तुझ्या आईला शब्द दिलाय.

त्या शनिवारचं मला काही आठवत नाही. घरी सोफ्यावर जाग आली तेव्हा माझ्या बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ होती. मी दुहेरी गाठ मारत नाही, मला सोडवता येत नाही ती. मी त्याला विचारलं, तर हसला. म्हणाला, ‘तूच तर हो म्हणालीस.’ मावशी, आपल्याला आठवत नसेल तर आपण हो म्हणालो असंच धरायचं का?

जास्त विचारलं की तो मनगट पकडतो. मग स्वतःच रडतो, माफी मागतो. आणि मी बाजूला व्हायचं म्हटलं की म्हणतो, काकूंना सांगू का तू काय काय पितेस? तुला आई माहीत आहे. मी तेरा वर्षांची असताना तिने मला समोर बसवून सांगितलं होतं, ‘दारूचा वास घेऊन या घरात आलीस तर मला आई म्हणायचं नाही.’ बाबांच्या फोटोसमोर सांगितलं होतं. तिला कळलं तर मी संपले.

कदाचित मी उगाच बाऊ करतेय. पत्र फाडून टाक.

भिंगरी

१४ एप्रिल

माझी भिंगरी,

पत्र फाडलं नाही, उशाशी ठेवलंय. तू बाऊ करत नाहीयेस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तसं धरायचं नाही. जिला स्वतःचे बूट कोणी घातले हे कळत नव्हतं, ती कशालाच हो म्हणू शकत नव्हती. हे त्यालाही माहीत होतं, कारण तो शुद्धीत होता. तू प्यायलीस ही एक गोष्ट. त्याने जे केलं ती वेगळी गोष्ट. पहिलीमुळे दुसरी तुझी चूक होत नाही. हे वाक्य रोज वाच, पाठ झालं तरी वाच.

त्याच्याबरोबर एकटी कुठेही जाऊ नकोस. त्याच्या हातचं काही पिऊ नकोस, पाणीसुद्धा नाही. शाळेतल्या ज्या बाईंवर तुझा विश्वास आहे त्यांना गाठ. आणि मला शपथेतून सोडव गं. तुझी आई भडकेल, भांडी आपटेल, पण तुला टाकणार नाही. तिला मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखते.

लगेच उत्तर लिही. एक ओळ चालेल. इथे रोज सकाळी उठून मी आधी समुद्रात बोट दिसते का बघते.

तुझीच,
मावशी

१६ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझं ऐकलं आणि विचारलं पोरीला. शांतपणेच विचारलं होतं, पण तेवढ्यात तिच्या जॅकेटला वास आला. तोच वास. माझं डोकं सटकलं. ती म्हणे, दुसऱ्या कोणाचं तरी सांडलं. मी म्हटलं, खरं असेल तर ठीक, नाहीतर या घराचा नियम तुला ठाऊक आहे. ती पांढरीफटक पडली. पोर हातची जाणार, या भीतीने मला रोज घाम फुटतो.

शेवटी त्या मुलालाच बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. किती समजूतदार गं! म्हणाला, ‘काकू, मलाही तीच काळजी आहे. ती कधीकधी घेते, मी थांबवतो, पण चिडते. तुम्ही काही बोलू नका, माझ्यावर सोडा.’ मला रडूच फुटलं. आता तोच तिला शाळेतून घेऊन येतो, कोणाचे फोन येतात ते बघतो, मला सांगतो. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसातही मदत करतो हल्ली, टपालपेटीतली पत्रंसुद्धा तोच आणून देतो. घरात एक कर्ता पुरुष असल्यासारखं वाटतं.

सत्तावीसला ही सगळी मंडळी त्याच्या काकांच्या तळ्याकाठच्या घरी चार दिवस जाणार आहेत. भिंगरी नको म्हणत होती. मीच म्हटलं, जा, मोकळी हवा लागेल, आणि तो आहे ना बरोबर. गाडी तोच चालवणार आहे.

तुझी,
ताई

२६ एप्रिल

ताई,

तुझं सोळा तारखेचं पत्र आज बोटीने आलं. साहेबांच्या हातापाया पडून वायरलेसवरून तुला निरोप पाठवलाय: मुलीला तळ्यावर पाठवू नकोस, धोका आहे. याहून जास्त त्यांच्यासमोर बोलता आलं नाही. निरोप चार ऑफिसांतून फिरून तुझ्याकडे येणार, त्यात पोरीची अब्रू कशी घालू? बोट तासाभरात परत निघतेय. मी स्वतःच चढले असते, पण बदली माणूस आल्याशिवाय ठाणं सोडता येत नाही. पुढच्या बोटीने येते.

मी भिंगरीची शपथ मोडतेय. ती पिते, हे खरं आहे. आता हे पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच.

तिला पाजतो तो. तुझा तो गुणी बाळ. ग्लास तो भरतो, गोळ्या तो देतो, आणि स्वतः कोरडा राहतो. तिला काहीच आठवत नाही असे तास आहेत, ताई, आणि त्या तासांत काय झालं ते फक्त त्याला माहीत आहे. तिचं मनगट खेळून दुखावलेलं नाही. सोफ्यावर निजवलेल्या पोरीच्या बुटांना दुसऱ्याच हाताने मारलेली दुहेरी गाठ होती. तुला आणखी किती स्पष्ट सांगू?

तू कायम विचारत आलीस, गाडी चालवणारा प्यायलाय का. तो नव्हताच प्यायलेला. बाकी काही तू विचारलं नाहीस, आणि त्याने ते पहिल्या दिवशी ओळखलं. तुझ्या नियमाची भीती घालून तो तिला गप्प ठेवतो. तिने तोंड उघडलं की तो तुला सांगणार, आणि मग तू तिला टाकणार. असं तिला खरंच वाटतं.

आणि टपाल तो आणतो? मी चौदा तारखेला भिंगरीला लिहिलंय. सगळं लिहिलंय त्यात, ताई. ते कोणाच्या हातात पडलं? तिने उत्तर दिलेलं नाही. त्याने ते वाचलं असेल तर मला सगळं कळलंय हे त्याला ठाऊक आहे, आणि तरी तो तिला घेऊन चाललाय.

ती भेटली की पिण्याबद्दल एक अक्षर विचारू नकोस. तुझ्या पाया पडते.

धाकटी

२७ एप्रिल

प्रिय धाकटे,

अगं बाई, केवढं घाबरवलंस! काल संध्याकाळी खात्याचा शिपाई लिफाफा घेऊन दारात. वर हवामान खात्याचा शिक्का, आत तुझा निरोप. मी म्हटलं, आलं वादळ! लगेच त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, ‘काकू, मावशींनी सांगितलंय म्हणजे काळजी घ्यायला हवी. आपण दुपारऐवजी पहाटेच निघू, वाऱ्याच्या आधी पोहोचू.’ बघ किती विचार करतो.

गेली मंडळी पहाटेच. भिंगरी गाडीत बसता बसता परत आली आणि म्हणाली, ‘आई, वादळ येणार असेल तर मी नको ना जाऊ?’ मी म्हटलं, वेडे, तो असताना कसली भीती. ती माझ्याकडे बघत राहिली. मग जाऊन बसली.

आता दुपार झालीये आणि आभाळ स्वच्छ निळं आहे, एक ढग नाही. तुझं खातं पहिल्यापासून असंच! हे लिहितेय आणि एकटीच हसतेय.

तुझी,
ताई

१ मे

धाकटे,

तुझं पत्र एकोणतीसला पोचलं. पेटीतून काढायला तो नव्हता म्हणून माझ्या हातात पडलं. उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर गाडीची किल्ली हातात असून घरभर शोधत होते.

ड्रायव्हिंग स्कूलचीच गाडी काढली, डोक्यावर ‘शिकाऊ’ची पाटी असलेली. लोक मला हॉर्न मारून बाजूला सारत होते. तळ्यावर पोहोचले तेव्हा तिघंचौघं अंगणात पत्ते कुटत होती. तो स्वयंपाकघरातून आला, हात पुसत, स्वच्छ शर्टात. ‘काकू, तुम्ही? ती झोपलीये. जरा जास्त झाली तिला.’ भर दुपार होती.

आतल्या खोलीत ती होती. पडदे ओढलेले. डोळे उघडे, पण मला ओळखायला वेळ लागला. तुझं पत्र मी तीनदा वाचलं होतं गं, तरी तो वास आला आणि माझ्या तोंडून निघालंच, ‘प्यायलीस?’ तिने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. तो दारात उभा होता, आणि शपथेवर सांगते, तो हसला. बारीकसा हसला.

मी म्हटलं, चल घरी. तेवढ्यात तो पुढे झाला, पलंगापाशी गुडघ्यावर बसला आणि तिच्या पायात बूट चढवायला लागला. भिंगरीचं सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं. ती छताकडे बघत होती, श्वाससुद्धा घेत नव्हती. तो सावकाश गाठ मारत होता, मग त्या गाठीवर दुसरी. तुझ्या पत्रात वाचलेलं मी डोळ्यांनी बघितलं. त्याचा हात बाजूला ढकलला आणि पोरीला अनवाणीच गाडीत घातली. तो खिडकीशी वाकला. ‘काकू, तिच्याबद्दल काही गोष्टी तुम्हाला कळायला हव्यात. मी फोन करीन.’ आवाज तसाच गोड.

घरी आल्यापासून ती बोललेली नाही. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. दंडावरचे वळ त्यांनी बघितले, कागदावर उतरवले, रक्त तपासायला घेतलं. पोलिसांत जायचं तर त्या बरोबर येणार आहेत, पण म्हणाल्या, ती बोलली तर उत्तम, तिला खोदू नका. मी खोदत नाही. रोज तिच्या दाराबाहेर ताट ठेवते. फोन वाजला की आत काहीतरी पडल्याचा आवाज येतो. तो दिवसातून चारदा वाजतो. मी उचलला की बंद होतो.

मला माझीच भीती वाटतेय. पुन्हा काहीतरी भलतं बोलून बसेन, आणि ती कायमची गप्प होईल. तू ये.

ताई

७ मे

मावशी,

तू बोटीत बसायच्या आत हे पोचेल की नाही माहीत नाही. तरी लिहितेय, कारण तोंडाने सांगण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं.

तुझं चौदा तारखेचं पत्र मला मिळालंच नव्हतं. ते त्याच्याकडे होतं. तळ्यावर पहिल्याच संध्याकाळी त्याने मला ते मोठ्याने वाचून दाखवलं, बायकी आवाज काढून. मग म्हणाला, आता मावशी आईला सांगणार, तुला घरी कोणी घेणार नाही, तू कुठे जाणार? आणि ग्लास हातात दिला. मी घेतला. मला वाटलं, आता काय फरक पडतो.

शपथ मोडलीस म्हणून मी चार दिवस तुझ्यावर चिडले होते. आता नाही.

काल दुपारी फोन वाजला. मी जिन्यात होते. आईने उचलला, आणि या वेळी तो बंद झाला नाही. त्याचा आवाज एवढा स्पष्ट असतो ना, की मला वरपर्यंत ऐकू येत होता. तो म्हणाला, ‘काकू, तुम्ही माझ्याशी असं वागताय, पण तुमच्या मुलीने तिथे किती प्यायली, गोळ्या कशा मागून घेतल्या, पिऊन काय काय बोलत होती, सांगू का तुम्हाला?’

मी कठडा धरला. आईची पाठ माझ्याकडे होती. मला वाटलं, झालं. आता ती वळेल आणि म्हणेल, मला आई म्हणायचं नाही.

आई म्हणाली, ‘सांग.’

तिने फोनशेजारची वही आणि पेन पुढे ओढलं.

‘सांग ना. सगळं सांग. किती ग्लास, कोणती गोळी, कोणी भरले, कोणी दिली. ती प्यायली ते मला माहीत आहे. ती माझी मुलगी आहे आणि ती माझ्या घरात आहे. तू बोल, मी लिहून घेतेय. पोलिसांनाही ते लागणारच आहे.’

मावशी, मी त्याला असं अडखळताना कधी ऐकलं नव्हतं. नुसतं ‘काकू, म्हणजे, तसं नाही’ एवढंच काहीतरी म्हणाला. माझ्याविरुद्ध त्याच्याकडे तेवढं एकच होतं. बाकी काही नव्हतंच.

फोन बंद झाला. मला अजूनही भीती वाटते, खिडकीबाहेर गाडी हळू झाली की पडदा ओढून घेते, आणि दिवा लावूनच झोपते. पण काल आई रिसीव्हर ठेवून वळली, मला जिन्यात बघितलं आणि काहीच विचारलं नाही. तिथेच खालच्या पायरीवर बसली. मी तिच्या वरच्या पायरीवर बसले आणि पहिल्या ग्लासापासून सांगायला सुरुवात केली.

तुझी,
भिंगरी